कल्ले उघडून बघितल्याशिवाय नाना बोलले नाहीत

आठवडी बाजारात मी पहिल्यांदा जिवंत मासे घेऊन बसले तेव्हा तीन तासांत चार किलो विकले गेले, आणि त्यातले दोन किलो माझ्या नणंदेनेच नेले. टाकीत पाणी, पाण्यात बॅटरीवरचा एअर पंप चालू, मासे डोळ्यांसमोर पोहतायत, शेजारी बर्फातला कालचा मासा, आणि गर्दी सगळी तिकडे. एक आजोबा थांबले, टाकीत वाकून बघितलं, कुठला गं मासा म्हणाले. मी म्हटलं आपल्याच शेततळ्यातला आहे बाबा. तर लगेच सरळ उभे राहिले, "तळ्यातला म्हंजी कोंबडीची घाण खाल्लेला, नगं बया," आणि गेले. ते वाक्य मी त्या दिवशी किमान सात-आठ जणांकडून ऐकलं. कोणी गटारातला म्हणालं, कोणी इंजेक्शनचा, कोणी ब्रॉयलर मासा.

आम्ही इंदापूर तालुक्यात, उजनीच्या बॅकवॉटरपासून जवळच राहतो. भिगवणचा मासळी बाजार सगळ्यांना माहितीच आहे, पुणे-सोलापूर रोडवरून जाणारे लोक मुद्दाम थांबून चिलापी खातात. म्हणजे मासे खाणारा भाग आहे हा, तरी तळ्यात वाढवलेला मासा म्हटलं की तोंड वाकडं. धरणातला मासा म्हणजे चांगला आणि तळ्यातला म्हणजे घाण, असं डोक्यात पक्कं बसलंय. धरणात पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून येतं हे पेपरात दर वर्षी वाचतो आपण, पण तो मुद्दा मी बाजारात कधीच काढला नाही, कारण धरणावर जाळं टाकणारी माणसं पण आमचीच आहेत आणि त्यांच्या पोटावर पाय देऊन मला माझा मासा विकायचा नव्हता.

आणि खरं सांगायचं तर लोकांचा राग बिनबुडाचा नाहीये. मांगूर नावाच्या माशामुळे झालंय हे सगळं. आफ्रिकन मांगूरवर २००० सालापासून बंदी आहे, तरी आमच्या पट्ट्यात चोरून मांगूरची तळी केली गेली, त्यांना चिकन सेंटरची घाण, कत्तलखान्यातलं उरलंसुरलं टाकायचे, एक किलोमीटरवरून वास यायचा. २०१९ मध्ये हरित लवादाचा दणका बसल्यावर मत्स्य विभागाने जेसीबी लावून तळी फोडली, मासे पुरले. ते ज्यांनी बघितलंय, ज्यांच्या विहिरीला तो वास लागलाय, त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू की सगळी तळी तशी नसतात. पण सांगावं तर लागणारच होतं, कारण आमचे पैसे त्यात अडकले होते आणि मी ते काम मनापासून करत होते.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये आली, त्यात महिलांना ६० टक्के अनुदान, म्हणून माझ्या नावावर केलं. दहा-दहा गुंठ्यांची दोन तळी, प्लास्टिक कागद अंथरलेला, पाणी विहिरीचं. एकात रोहू, कटला, मृगळ. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, त्यामुळे तिघं एकत्र नांदतात. दुसऱ्या तळ्यात गिफ्ट तिलापिया, म्हणजे सुधारित चिलापी, तिला परवानगी वेगळी लागते आणि एकलिंगी नराचंच बीज, म्हणजे बारीक पिल्लं, टाकावं लागतं. पहिल्या वर्षी सगळा माल व्यापाऱ्याला दिला, तिलापिया ९० रुपये आणि रोहू ११५ ने, आणि वर्षाअखेरीला खाद्याचं बिल, लाईट बिल वजा करून हातात जे राहिलं ते बघून आमचे हे दोन दिवस बोललेच नाहीत. किरकोळ विकलं तरच परवडणार होतं. आणि किरकोळ कोणी घेत नव्हतं.

काय काय केलं मग. पत्रकं छापली, मत्स्य विभागाच्या साहेबांना बोलावून गावात भाषण ठेवलं (बावीस माणसं, त्यातली नऊ आमच्या घरची), फुकट तळून चवीला दिलं. चवीचं लोकांनी खाल्लं, छान आहे म्हणाले, आणि विकत घ्यायला धरणाच्या माशाकडे गेले. म्हणजे अडचण चवीची नव्हतीच. विश्वास नव्हता आमच्यावर. आणि मीच माझ्या मालाबद्दल कितीही सांगितलं तरी विकणारी बाईच ती, ती चांगलंच म्हणणार.

माझ्या माहेरी, आमच्यापासून बारा किलोमीटरवर, एक तालीम आहे. तिथल्या वस्तादांना सगळा तालुका नाना म्हणतो. वय आता सत्तरीच्या आसपास. महाराष्ट्र केसरीच्या अधिवेशनात जिल्ह्याकडून खेळलेले, गदा नाही मिळाली, पण आमच्याकडच्या जत्रांच्या मैदानात त्यांची शेवटची कुस्ती असली की लोक दुपारपासून जागा धरून बसायचे असं माझे वडील सांगतात. त्यांची खरी इज्जत त्यानंतरची आहे. तीस-पस्तीस वर्षं पोरं घडवली, एक रुपया फी नाही, कुठल्या पक्षाच्या स्टेजवर गेले नाहीत, गुटख्याच्या जाहिरातीच्या बॅनरवर फोटो लावायला आलेल्याला तालमीच्या दारातून परत पाठवला ही गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. माझ्या डोक्यात आलं, नाना जर म्हणाले की हा मासा खायला हरकत नाही, तर लोक ऐकतील.

आमचे हे म्हणाले वेड लागलंय का, ते मटण आणि दूध-बदामवाले, मासा कशाला खातील. तरी मी गेले. तालमीत बायका आत जात नाहीत म्हणून मी दारात उभी राहिले, आत लाल माती, ताक-हळद-लिंबाचा तो ओला आंबूस वास, भिंतीवर मारुती आणि त्याच्या बाजूला खाशाबा जाधवांचा फोटो. लहानपणी वडिलांना डबा द्यायला यायचे तेव्हापासून तो फोटो तिथेच आहे, फ्रेम फक्त बदललीये. नाना बाहेर आले, पंचाने हात पुसत. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, नाना, तुम्ही दोन शब्द बोललात ना व्हिडिओत तर आमचं कल्याण होईल.

नाना म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाला मी वळखतो म्हणून ऐकून घेतलं. मी काय बघितलंय तुझं तळं? न बघता बोलायचं म्हंजी मग त्या गुटखेवाल्यानं काय पाप केलं हुतं?"

मला वाईट वाटलं, पण त्यांनी नाही म्हटलेलं नव्हतं. बघता का मग, विचारलं. म्हणाले येईन, कधी ते सांगणार नाही.

नऊ दिवसांनी पहाटे साडेपाचला आले, एका पठ्ठ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून. मी तेव्हा तळ्यावरच होते, कारण पहाटेची वेळच तळ्यासाठी वाईट असते, रात्रभर सगळे जीव ऑक्सिजन ओढतात आणि सूर्य उगवेपर्यंत पाण्यात शेवाळ नवीन तयार करत नाही. ऑक्सिजन मोजायचं मीटर पाण्यात सोडलेलं होतं, ४.६ दाखवत होतं. नाना म्हणाले हे काय. मी सांगितलं लिटरमागे पाच मिलीग्रॅमच्या वर पाहिजे, आज कमी आहे, म्हणून एरेटर लावते. "कमी हाय तर सांगतीस कशाला मला?" मी म्हटलं तुम्ही विचारलंत. ते काही बोलले नाहीत, एरेटरची पाती पाणी उडवायला लागली तिकडे बघत बसले. अर्ध्या तासाने मी मीटर परत दाखवलं, ५.३.

मग त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला. तळ्याला चारी बाजूंनी फेरी मारली, कागद कुठे फाटलाय का बघितलं, वरची पक्ष्यांची जाळी हाताने ओढून बघितली. खाद्याच्या खोलीत गेले, पोत्यावरचं लेबल पठ्ठ्याला मोठ्याने वाचायला लावलं, सोयाबीन पेंड, फिशमील, भाताचा कोंडा, प्रोटीन २८ टक्के. एक दाणा उचलून जिभेवर ठेवला, चावला, थुंकला. "पेंडंसारखंच लागतंय." कोपऱ्यात झाकलेला ड्रम होता तो उघडायला लावला, त्यात चुना होता. फ्रीज आहे का विचारलं, घरात जाऊन तो पण उघडून बघितला, सासूबाई गडबडल्या. नंतर कळलं की मांगूरवाले चिकनची घाण फ्रीजरमध्ये साठवायचे, ते त्यांनी ऐकलं होतं.

मी मूठभर दाणा टाकला. तिलापियाच्या तळ्यात दाणा पडला की पाणी उकळल्यासारखं होतं, सगळी एकदम वर येतात. नाना पहिल्यांदा हसले. मी धीर करून म्हटलं, नाना, तालमीत खाशाबांचा फोटो आहे ना, त्यांनी हेलसिंकीला १९५२ साली ब्राँझ आणलं, आणि तिलापिया भारतात पहिल्यांदा आणली गेली ते पण १९५२ सालीच. त्यांना ते आवडलं असावं, पठ्ठ्याला म्हणाले ध्यानात ठेव.

मग एक रोहू काढायला लावला. हातात धरला, अंगठ्याने कल्ला उचलला, आत लालभडक, ते त्यांनी खूप वेळ बघितलं. डोळा बघितला. पोट दाबून बघितलं. आणि मासा हातात तसाच धरून विचारलं, "ह्याला इंजेक्शन देत्यात म्हणं?"

ह्याचं उत्तर मला पाठ होतं. रोहू-कटला साठलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून पूर्वी बीज नदीतूनच गोळा करायचे. १९५७ साली १० जुलैला ओडिशातल्या अंगुलला डॉ. हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी माशाच्या पियुष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन तळ्यातच अंडी घालायला लावली, तेव्हापासून बीज हॅचरीत मिळायला लागलं, त्याच तारखेला मत्स्य शेतकरी दिवस असतो. इंजेक्शन आईबापाला देतात, हॅचरीत. आपण खातो त्या माशाला नाही. नानांना पटलं, गाईला पण कृत्रिम रेतन करतातच की म्हणाले.

मग तिलापियाच्या तळ्याकडे बोट करून विचारलं, "आणि ह्याला? तू म्हणलीस सगळं नर हायत. सगळं नर कसं जन्माला आलं?"

इथे मी थांबले. हा प्रश्न मला तीन वर्षांत एकाही गिऱ्हाईकाने विचारला नव्हता. मादी लहान असतानाच अंडी घालते, तोंडात पिल्लं सांभाळते, तळं बारीक पिल्लांनी भरून जातं आणि एकही मासा मोठा होत नाही, म्हणून सगळे नर लागतात. आणि नर करण्यासाठी हॅचरीत पिल्लाला पहिले २१ ते २८ दिवस खाद्यातून हार्मोन देतात. मिथाइल टेस्टोस्टेरॉन. मला माहिती होतं. मी म्हटलं, नाना, ते हॅचरीवाले करतात, मला नीट सांगता येणार नाही, विचारून सांगते. ते बरं म्हणाले, चहा घेऊन गेले.

ती रात्र मला झोप नाही लागली. कारण मला नीट सांगता येत होतं. मी त्यांना टाळलं होतं. मला वाटत होतं हार्मोन हा शब्द एकदा नानांच्या कानावर गेला की संपलं सगळं, इंजेक्शनचा मासा म्हणणारे खरे ठरले असंच होणार. आमचे हे म्हणाले नको सांगू, आपण कुठे देतो, हॅचरी देते, बीज आपल्याकडे येतं तेव्हा ते संपलेलं असतं. त्यांचं चूक नव्हतं. पण ज्या माणसाने माझा फ्रीज उघडून बघितला त्याला हे दुसरीकडून कळलं तर? दुसऱ्या दिवशी मी बसने माहेरी गेले आणि तालमीच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं, काल मी टाळलं हे पण सांगितलं.

नाना चिडतील वाटलं होतं. ते खाली पायरीवर बसले आणि म्हणाले, "ह्यो टेस्टोस्टेरॉन म्हंजी त्येच ना, ज्यात पोरं सापडत्यात?"

मला तोपर्यंत ही बाजू सुचलीच नव्हती. मी गिऱ्हाईकाच्या बाजूने विचार करत होते, ते वस्तादाच्या. त्यांची दोन पोरं नॅशनलला खेळतात, नाडाची, म्हणजे उत्तेजक द्रव्यं तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, डोप टेस्ट होते, आणि नियम असा आहे की शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, कुठून आलं, माहीत होतं की नव्हतं, हे सगळं नंतर. मिथाइल टेस्टोस्टेरॉन बंदीच्या यादीत आहेच. नानांना एका कोचने सांगितलेलं होतं की मेक्सिको आणि चीनमध्ये जनावरांना क्लेनब्युटेरॉल नावाचं बंदीतलं औषध द्यायचे आणि ते मांस खाऊन खेळाडू टेस्टमध्ये सापडले. मी तिथे उभी होते आणि मला पहिल्यांदा समजलं की ह्या माणसाला मी काय मागत होते. त्यांच्या दोन शब्दांमागे पोरांचं करिअर होतं.

मग आम्ही दोघांनी मिळून एका सरकारी मत्स्य संस्थेतल्या शास्त्रज्ञांना फोन लावला, स्पीकरवर ठेवून. नानांनी स्वतः विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की डोस फक्त पहिल्या तीन-चार आठवड्यांत असतो, तेव्हा पिल्लू नखाएवढं असतं, नंतर ते शरीरातून निघून जातं, पाच-सहा महिन्यांनी मासा चार-पाचशे ग्रॅमचा होऊन ताटात येतो तेव्हा त्याचा अंश तपासणीत सापडत नाही, असे अभ्यास बऱ्याच देशांत झालेत. नानांनी विचारलं, तुम्ही खाता का? ते म्हणाले, हो, घरी मुलांना पण देतो. नानांनी विचारलं, तुमचा मुलगा नॅशनलला खेळत असता तर? ते दोन सेकंद थांबले आणि म्हणाले, मी तरी दिला असता, पण निर्णय तुमचा.

नानांनी लगेच काही ठरवलं नाही. म्हणाले तीन आठवडे मासा खातो, मग सांगतो. रोहू आणि तिलापिया दोन्ही मागवले, पण स्वतःसाठी दोन्ही आणि पोरांसाठी फक्त रोहू-कटला. मी पैसे नको म्हटलं तर वजन करायला लावलं आणि बाजारभावाने, रोहूचे १८० आणि तिलापियाचे १४० किलोने हिशेब चुकता केला, दर वेळी. आमच्या भाच्याने, जो हे रील वगैरे बघतो, तेव्हा सांगितलं की २०२२ पासून केंद्राची नियमावली आहे, जाहिरात करणाऱ्याला पैसे किंवा माल फुकट दिला असेल तर ते दाखवावं लागतं, आणि ज्याबद्दल बोलतोय ते नीट तपासल्याशिवाय बोलायचं नाही. नानांना नियमावली माहिती नव्हती, पण ते आधीपासून तेच करत होते.

तालमीत मासा शिजवायला कोणाला येत नव्हता. मी आणि माझी वहिनी मागच्या परसात गेलो, हळद-मीठ-लसूण लावून थोड्या पाण्यात उकडायचा, तळायचा नाही, हे नानांनीच सांगितलं. पोरांना काट्याची भीती. रोहूत ते बारीक वाय आकाराचे काटे असतात, शेपटीकडे जास्त. वहिनीने त्यांना पोटाकडचा तुकडा आधी दिला, मग हाताने उलगडून काटा कसा काढायचा ते शिकवलं. शंभर ग्रॅम रोहूत साधारण १७ ग्रॅम प्रोटीन, एका अंड्यात सहाच्या आसपास, असं मी सांगत होते, पण पोरांना हिशेबापेक्षा जोर-बैठकांनंतर पोट जड होत नाही ह्याचं कौतुक वाटलं. शनिवारी मारुतीचा वार, त्या दिवशी काही नाही. आणि दोन पोरं माळकरी घरातली होती, त्यांना नानांनी कधी आग्रह केला नाही, त्यांचं दूध-खारीक चालूच.

तीन आठवडे संपल्यावर नानांचा निरोप आला, मोबाईल घेऊन ये.

भाच्याने कागदावर लिहून नेलं होतं, नमस्कार, मी अमुक अमुक, निरोगी आयुष्यासाठी वगैरे. नानांनी दोन ओळी वाचल्या, आवाजच बदलला त्यांचा, शाळेतल्या पोरासारखा झाला. कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले चालू कर. मग हौद्याच्या कडेला बसून तीन-साडेतीन मिनिटं बोलले. मी अंधारात तळ्यावर गेलो होतो, ऑक्सिजन कमी होता ते बाईनं मला दाखवलं, खाद्य मी तोंडात घालून बघितलंय, घाण नाही, मांगूर नाही, मी पैसे देऊन खातो, मला कोणी एक रुपया दिलेला नाही. मासा खाऊन पैलवान होत नाही, पैलवान मेहनतीनं होतो, मासा हा खुराकातला एक भाग. इथपर्यंत मी खूश होते, डोळ्यांत पाणी होतं माझ्या.

मग ते म्हणाले, चिलापीला बारीक असताना हार्मोनचं खाद्य असतं. शास्त्रज्ञ म्हणतात नंतर काही राहत नाही, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे, मी स्वतः खातो, घरी नातवंडं खातात. पण टेस्टला उतरणाऱ्या माझ्या पोरांना मी रोहू-कटलाच देतो, तिथे मला शंकेला पण जागा ठेवायची नाही.

रेकॉर्डिंग थांबल्यावर मी म्हटलं, नाना, तेवढं शेवटचं काढूया. आमचे हे तर सरळ म्हणाले की ह्याने आमचं एक तळं बुडेल. नाना म्हणाले, "जावईबापू, मग सगळंच काढा. मोबाईल तुमचा हाय." रागाने नाही म्हणाले. उठून पोरांच्या कुस्त्या बघायला गेले.

तो व्हिडिओ आमच्याकडे चार दिवस तसाच पडून होता. घरात भांडणं झाली. सासूबाईंनी शेवटी विचारलं, त्यांनी खोटं काय सांगितलं ते एक दाखव. नव्हतं काही. अख्खाच टाकला.

पुढे जे झालं ते सगळंच चांगलं नाही झालं. पहिल्या महिन्यात तिलापिया जवळजवळ थांबली. बाजारात लोक येऊन हार्मोनवाली कुठली आणि साधी कुठली असं विचारायचे, तीच माणसं जी आधी भिगवणला बसून चिलापी फ्राय खायची. एका व्यापाऱ्याने ह्याच व्हिडिओचं कारण सांगून भाव ९० वरून ७० वर आणला, आणि आम्हाला द्यावा लागला. रोहू मात्र आठवड्याला आठ-दहा किलोवरून चाळीस किलोपर्यंत गेला. शेजारच्या गावांतल्या दोन तालमींनी लावून घेतला, एक कबड्डी संघ आला. आणि एक वेगळीच गोष्ट झाली, लोक प्रश्न विचारायला लागले. आधी घाण म्हणून निघून जायचे, आता थांबून विचारायचे, नाना म्हणाले ते मीटर दाखवा, खाद्याचं पोतं दाखवा, तळ्यावर येऊन बघू का. या म्हटलं. रविवारी सकाळी तळं बघायला येणाऱ्यांसाठी आम्ही खुर्च्या ठेवल्या. ज्या आजोबांनी नगं बया म्हटलं होतं ते त्यात आले की नाही मला आठवत नाही, चेहरा नीट लक्षात नाही राहिला.

तिलापिया हळूहळू वर आली, चारेक महिन्यांनी. हार्मोनबद्दल विचारणाऱ्याला मी आता सगळं सांगते, दिवस मोजून, शास्त्रज्ञांनी सांगितलेलं जसंच्या तसं, आणि घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा म्हणते. ऐकून घेतल्यावर बरेच जण घेतात. आणि पुढच्या बॅचला मी तीन हजारांऐवजी दोन हजारच बीज टाकलं, कमी गर्दीत मासा मोठा झाला.

जूनमध्ये सलग तीन दिवस आभाळ होतं, ऊन नाही म्हणजे पाण्यात ऑक्सिजन पुरेसा तयार होत नाही, आणि त्यातच रात्री डीपी जळाला. जनरेटर सुरू होईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेली. कंदिलाच्या उजेडात सगळ्या तळ्यावर तोंडं वर आलेली दिसत होती, पाणी पिचकल्यासारखा आवाज. सकाळपर्यंत रोहू-कटल्याचा दीडशे किलो माल गेला. सातच्या आत एक गाडीवाला हजर, ४० रुपयांनी देता का, बर्फ लावून पुढे पाठवतो, कोणाला कळत नाही. मी नाही म्हटलं. मला वाटत होतं आता बातमी फिरणार, पैलवानाने नावाजलेल्या तळ्यात मासे मेले, विष होतं. नानांना फोन केला. ते आले, काठाला बसले, पुरायचा खड्डा बघून म्हणाले खोल घ्या अजून, कुत्री उकरतील. चुना टाकताना मीच मोबाईल काढला, रेकॉर्ड केलं, लाईट गेली, ऑक्सिजन संपला, दीडशे किलो मासा गेला, हा विकणार नाही, हा इथे पुरतोय. मीटरवरचा आकडा दाखवला, १.९. टाकून दिलं. त्या आठवड्यात बाजारात विक्री कमी झाली नाही, दोघींनी तर तुझं नुकसान झालं म्हणून एक-एक किलो जास्त नेलं.

आता दर रविवारी तालमीत आठ किलो रोहू-कटला जातो. मीच नेते, जिवंत, ड्रममध्ये पंप लावून. नाना अजून पैसे देतात, अजून कल्ले बघतात, पण हल्ली गुडघे दुखतात म्हणून वाकत नाहीत, पायरीवर बसून एका चौदा वर्षांच्या पोराला बघायला लावतात. मागच्या रविवारी त्या पोराने एकेक मासा उचलून कल्ला उघडून बघितला, आणि एक कटला बाजूला ठेवला. मला म्हणाला, ताई हा वाटेत मेलाय, बाकीच्यांसारखा लाल नाही. मी हातात घेऊन बघितलं. खरंच फिका पडला होता. तो मी परत पाटीत टाकला आणि काट्यावरून त्याचं वजन कमी केलं, नऊशे ग्रॅम.